वाचकांचे प्रश्न : यंत्राचे इंग्रजी नाव आणि कार्यालयाचे इंग्रजी नाव

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. विशेष यंत्रसामग्रीला आणि कार्यालयांच्या कामकाजाला रूढ झालेली इंग्रजी नामे मराठी लेखनात तशीच ठेवावीत, की त्यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत, ही ती अडचण. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून त्यांना येथे उत्तरे देत आहोत. ही सर्व पत्रे मराठवाड्यातून आली आहेत.

प्रश्न : औंढा नागनाथ तालुक्यात होणाऱ्या लायगो प्रकल्पाविषयी आमच्या शाळेतर्फे गावकऱ्यांसाठी छोटी पुस्तिका काढायची आहे. ‘इंटरफेरोमीटर’ला एका सहकाऱ्याने ‘व्यतिकरणमापक’ हा शब्द सुचवला, तर दुसऱ्याच्या मते तो कोणालाही कळणार नाही. ‘लायगो’चेही मराठीकरण करावे काय? (विज्ञान शिक्षक, जि. हिंगोली)

उत्तर : ‘लायगो’ हे आता विशेषनाम झाले आहे, म्हणून ते तसेच ठेवावे. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील वेधशाळा याच नावाने ओळखल्या जातात, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली ती ‘लायगो-इंडिया’ याच नावाच्या प्रकल्पाला. आपण नवे नाव घातलेत तर वर्तमानपत्रात वाचलेला प्रकल्प आणि पुस्तिकेतला प्रकल्प एकच आहे, हे दुधाळ्याच्या शेतकऱ्याला कळायला मार्ग राहणार नाही. लेसर किरणांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, एवढा खुलासा पहिल्या पानावर एकदा केला की पुरे.

‘इंटरफेरोमीटर’च्या बाबतीत मात्र आपल्या दोन्ही सहकाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. ‘व्यतिकरणमापक’ हा शब्द शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ज्याला व्यतिकरण म्हणजे काय (दोन लहरी एकत्र येऊन एकमेकींना वाढवतात किंवा घटवतात ते) हे ठाऊक आहे त्यालाच तो काही सांगतो, आणि असा वाचक ‘इंटरफेरोमीटर’ या शब्दालाही अडत नाही. ज्याला व्यतिकरण ठाऊक नाही त्याला दोन्ही शब्द सारखेच परके आहेत. म्हणून शब्दाच्या निवडीवर घालवायचा वेळ वाक्यावर घालवावा. उदाहरणार्थ असे लिहिता येईल : ‘येथे एकमेकींशी काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतील. एकाच लेसर किरणाचे दोन भाग करून ते दोन नळ्यांत सोडले जातील आणि टोकाच्या आरशांवरून परतल्यावर ते पुन्हा एकत्र येतील. गुरुत्वीय लहर जाऊ लागली की एका नळीतले अंतर किंचित वाढते आणि दुसरीतले किंचित घटते. हा फरक अणूच्या केंद्रातील एका प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. तरीही त्यामुळे परतलेल्या दोन किरणांचा मेळ बदलतो आणि तो बदल यंत्र टिपते. या यंत्राला इंटरफेरोमीटर म्हणतात.’ नाव शेवटी आले आहे, हे लक्षात घ्यावे. यंत्र डोळ्यांसमोर उभे राहिल्यावर नाव कोणत्या भाषेतले आहे याचा वाचकाला त्रास होत नाही.

‘गुरुत्वीय लहरी’ हा शब्द मात्र मराठीतच ठेवावा. या लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टिपल्या गेल्या आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याची घोषणा झाली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ‘गुरुत्वीय लहरी’ किंवा ‘गुरुत्वाकर्षण लहरी’ असेच छापले आणि वाचकांनी ते बिनतक्रार स्वीकारले. यंत्राकडे बोट दाखवता येते. कल्पनेकडे बोट दाखवता येत नाही, ती ज्या भाषेत आपण विचार करतो त्या भाषेतच मांडावी लागते.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. अतिदक्षता विभाग आणि डायलिसिस विभाग यांतील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठी सूचनापत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एकही इंग्रजी शब्द नको, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. (लातूर)

उत्तर : आग्रहामागची सदिच्छा मान्य करूनही आम्ही त्यास अनुकूल नाही, आणि त्याचे कारण भाषेपेक्षा रुग्णाच्या सुरक्षिततेशी अधिक निगडित आहे. नातेवाइकाने डॉक्टरांच्या तोंडून ‘व्हेंटिलेटर’ ऐकलेले असते, गावी फोनवर त्याने ‘व्हेंटिलेटरवर ठेवलंय’ असेच सांगितलेले असते आणि बिलावरही तेच छापलेले असते. पत्रकात ‘कृत्रिम श्वसनयंत्र’ वाचून हे आणखी एखादे नवे यंत्र आहे काय, असा प्रश्न त्याला पडला तर दोष त्याचा नाही. नाव तेच ठेवून पुढचे सगळे मराठीत सांगावे : ‘रुग्णाला व्हेंटिलेटर लावला आहे. हे यंत्र तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीवाटे फुप्फुसांत हवा पोहोचवते. नळी आहे तोवर रुग्णाला बोलता येणार नाही. याचा अर्थ त्याची वाचा गेली असा नाही. यंत्राचा गजर वाजल्यास नळीला हात न लावता परिचारिकेला बोलवावे.’ यात ‘व्हेंटिलेटर’ हा एकच इंग्रजी शब्द आहे आणि त्याने काही बिघडलेले नाही.

डायलिसिसच्या पत्रकात तर शब्दकोश उघडून प्रतिशब्द घेणे धोक्याचे आहे. डायलिसिससाठी हातातील रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडतात, त्या जोडाला सर्वत्र ‘फिस्टुला’ म्हणतात. शब्दकोशात या शब्दापुढे ‘भगंदर’ असे सापडेल, कारण तेथे गुदद्वाराजवळचा विकार अभिप्रेत असतो. ‘भगंदर असलेल्या हाताची काळजी घ्या’ असे छापले गेले तर हसावे की रडावे हे कळणार नाही. ‘फिस्टुला’च लिहावे आणि खाली ठळक अक्षरांत सांगावे की त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्या हातातून तपासणीसाठी रक्त काढू देऊ नये, त्या हाताखाली डोके ठेवून झोपू नये आणि त्यात घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नये.

जेथे मराठी शब्द लोकांच्या वाचनात मुरला आहे तेथे तो अवश्य वापरावा. ‘रुग्णवाहिका’, ‘शवविच्छेदन’, ‘अतिदक्षता विभाग’ हे शब्द बोलण्यात क्वचित येत असले तरी वाचताना कोणी अडखळत नाही. ‘सोनोग्राफी’च्या बाबतीत एक गंमत अशी, की आपण ज्याला इंग्रजी शब्द समजून वापरतो तो इंग्रजी बोलणारे लोक त्या तपासणीसाठी फारसा वापरत नाहीत, ते ‘अल्ट्रासाउंड’ म्हणतात.

प्रश्न : गावातील डीपी जळाल्याचा अर्ज वीज कार्यालयात दिला. लिपिकाने ‘रोहित्र’ (म्हणजे ट्रान्सफॉर्मर) असे लिहून आणायला सांगितले. आम्ही जन्मभर डीपीच म्हणत आलो. अर्ज कोणत्या शब्दात करावा? (शेतकरी, जि. परभणी)

उत्तर : अर्जात ‘रोहित्र’ लिहावे आणि बांधावर डीपी म्हणत राहावे; त्यात विसंगती नाही. कार्यालयाच्या नोंदी ‘रोहित्र’ या शब्दाने ठेवल्या जातात आणि आपल्या अर्जाचा माग त्याच शब्दाने लागणार आहे.

तथापि लिपिकाच्या आग्रहात, कदाचित त्याच्याही नकळत, एक तथ्य आहे. ‘डीपी’ ही मूळ इंग्रजी आद्याक्षरे त्या यंत्राच्या नावाची नव्हेत. गावात मात्र खांबांवरचे रोहित्र, त्याखालची फ्यूजची पेटी आणि तो सगळा सांगाडा या तिन्हींना डीपीच म्हणतात. परिणामी ‘डीपी जळाली’ या तक्रारीचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. पेटीतले किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारी बैठक, जळाले असेल तर लाइनमन येऊन थोड्या वेळात काम उरकतो. रोहित्राच्या आतले वेटोळे जळाले असेल तर ते उतरवून त्या जागी दुसरे बसवावे लागते, आणि हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत तो फरक किती मोठा असतो हे आम्ही आपल्याला सांगावे असे नाही. म्हणून ‘आमच्या शिवारातील १०० केव्हीएचे रोहित्र जळाले असून ते बदलून मिळावे’ किंवा ‘रोहित्राखालील पेटीतील फ्यूज वारंवार जात आहे’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. ‘केव्हीए’चे मराठी करण्याच्या फंदात पडू नये, क्षमतेचा तो आकडा रोहित्रावरील पाटीवर असतो तसाच उतरवावा.

शेतीच्या अवजारांनी या बाबतीत पंडितांपेक्षा अधिक शहाणपण दाखवले आहे. ‘ठिबक’ शब्द चालला, कारण पाणी ठिबकताना दिसते आणि क्रियापद घरात आधीपासून होते. पुढे ‘सिंचन’ही गळून पडले आणि नुसते ‘ठिबक’ राहिले. त्याच ठिबकचे लॅटरल, ड्रिपर आणि व्हेंचुरी मात्र दुकानातून जसे आले तसेच राहिले. ज्वारीच्या मळणी यंत्राला अनेक गावांत ‘हडंबा’ म्हणतात. तो शब्द कोणत्याही समितीने घडवलेला नाही.

प्रश्न : धरणाच्या बातम्यांत टीएमसी, दलघमी आणि क्युसेक असे तिन्ही शब्द येतात. यांपैकी शुद्ध कोणता? (पैठण)

उत्तर : शुद्धतेचा प्रश्न येथे गौण आहे, कारण हे तीन शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दोन्ही साठ्याची मापे आहेत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी, म्हणजे १०२ टीएमसीहून थोडा अधिक, आणि त्यातील उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दलघमी आहे. क्युसेक हे प्रवाहाचे माप आहे : सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. ‘सेकंद’ त्या शब्दाच्या पोटातच असल्यामुळे ‘पन्नास हजार क्युसेक प्रतिसेकंद’ हे लेखन चुकीचे आहे, आणि जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाचे दरवाजे उघडले की दरवर्षी ते कोठे ना कोठे छापून येतेच.

‘दलघमी’चे आम्हाला विशेष कौतुक वाटते. पाटबंधारे खात्याच्या मराठीत अशी कौतुकाची ठिकाणे पुष्कळ आहेत : सांडवा, वितरिका, पाणीपाळी, आवर्तन, वक्राकार दरवाजे. पाण्याचा व्यवहार येथे इंग्रजीच्या आधीपासून असल्यामुळे शब्दांची पूर्वतयारी होती. केवळ ‘केटी’ (‘कोल्हापूर टाइप’) या बंधाऱ्याच्या नावाचा प्रवास मात्र विचित्र आहे. बंधाऱ्याची पद्धत कोल्हापूरची, तिची इंग्रजी आद्याक्षरे झाली, आणि आज गोदाकाठच्या माणसाला ‘केटी’मध्ये कोल्हापूर आहे याचा पत्ता नसतो.

प्रश्न : विद्यापीठाच्या निवडणुकीत ‘सिनेट’ लिहावे की ‘अधिसभा’? ‘क्रेडिट’ की ‘श्रेयांक’? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या मराठी पाठात ‘अधिसभा’ आहे, म्हणून निवेदनात आणि अर्जात ‘अधिसभा’ लिहावे; प्रचारपत्रकात ‘सिनेट’ लिहिल्याने मत बाद होत नाही. ‘श्रेयांक’ सुटसुटीत आहे आणि नव्या अभ्यासक्रमांच्या परिपत्रकांमुळे रुळतही आहे.

प्रश्न : निजामाच्या राजवटीत आमच्याकडील सारे दफ्तर आधी फारसीत आणि नंतर उर्दूत होते. ते शब्द आपण पचवले, मग इंग्रजी शब्दांचेच एवढे अवडंबर का? (निवृत्त महसूल कर्मचारी, बीड)

उत्तर : आपले निम्मे म्हणणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी अर्ज, जामीन आणि वकील आजही आपल्या कचेऱ्यांत ठाण मांडून आहेत. मराठवाड्यात तर आणखी एक गोष्ट दिसते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपल्यानंतर जी पदे गेली त्यांची नावेही गेली. जिल्ह्याचा प्रमुख असलेला ‘अव्वल तालुकदार’ आज कोणाला आठवत नाही. जे पद राहिले त्याचे नाव राहिले. तहसीलदार तहसीलदारच आहे. तलाठ्याचे पदनाम अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, तरी काम तेच असल्यामुळे गावाने अद्याप तलाठी सोडलेला नाही. संस्थेचे नाम संस्थेच्या आयुष्याला बांधलेले असते.

उरलेल्या निम्म्याविषयी मात्र आपला अनुभवच आपल्या विरुद्ध साक्ष देईल. ‘खासरा’, ‘मुंतखब’ ही जमीन-इनामाच्या जुन्या कागदांची नावे कधी कोणाला अडली नाहीत. अडला तो त्या कागदांवरचा मजकूर. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या उर्दू आणि मोडी दफ्तरांसाठी ते वाचू शकणारी माणसे शोधावी लागली. ज्याच्या आजोबांची नोंद त्या पानावर होती, त्याला ते पान हातात घेऊनही वाचता येत नव्हते. परभाषेतले नाम भाषेत सामावून जाते. परभाषेतले अख्खे वाक्य ज्याच्यासाठी लिहिले त्यालाच बाहेर उभे करते. इंग्रजीसंबंधीची आमची काळजी या दुसऱ्या प्रकाराची आहे.

प्रश्न : मी सेवा केंद्र चालवतो. ‘सिस्टिम बंद आहे’, ‘सर्व्हर डाऊन’, ‘केवायसी पेंडिंग’ असे फलक लावावे लागतात. ‘सिस्टिम’ऐवजी ‘प्रणाली’ लिहिले तर चालेल काय? (जालना)

उत्तर : चालेल, पण त्याने फलक वाचणाऱ्याचे काहीही साधणार नाही. कार्यालयीन मराठी घडवण्याचे पुष्कळ काम १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने केले आहे, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने त्या मराठीला कायद्याचे पाठबळही दिले. ‘निविदा’, ‘परिपत्रक’, ‘लेखापाल’ असे शब्द आज आपण सहज वापरतो. ‘प्रणाली’ हा शब्दही त्याच पंक्तीत बसेल. परंतु अशा केंद्रांत नेहमी ऐकू येणाऱ्या ‘सिस्टिम घेत नाही’ या वाक्यातला दोष ‘सिस्टिम’ या शब्दात नसून ‘घेत नाही’ या क्रियापदाच्या कर्त्यात आहे. न घेणारी ही सिस्टिम म्हणजे नेमके कोण? आपल्या केंद्रातील संगणक, त्याची इंटरनेट जोडणी, शासनाचे पोर्टल, बँकेची नोंद, की मंजुरी न देणारा अधिकारी? व्हेंटिलेटरच्या बाबतीत असा प्रश्न उद्भवत नाही, कारण ते यंत्र खाटेशेजारी उभे असते. कार्यालयीन व्यवस्था दिसत नाही. ती माणसे, कागद, नियम आणि संगणक यांची मिळून झालेली असते, आणि तिला एकच भारदस्त नाम दिले की त्यातली माणसे त्या नामाआड जातात. ‘प्रणालीतील तांत्रिक अडचणीमुळे’ या शुद्ध मराठी शब्दांच्या आडही ती तितकीच सुरक्षित राहतात.

आपल्या फलकापुढे उभा राहणारा माणूस बहुधा मजुरीचा दिवस मोडून आलेला असतो आणि त्याला तीन गोष्टी हव्या असतात : काय अडले, कोणाकडे अडले, आणि आता त्याने काय करावे. ‘केवायसी पेंडिंग’ यात तिन्हींपैकी एकही नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘आधार कार्डावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळत नसल्याने आपली ई-केवायसी पूर्ण झालेली नाही. दोन्हींपैकी चुकीचे नाव दुरुस्त करून घ्यावे. खात्यावरील नावासाठी बँकेच्या शाखेत अर्ज द्यावा. दुरुस्तीनंतर आधार कार्ड आणि आधारशी जोडलेला मोबाइल घेऊन येथे यावे. ओटीपी त्याच मोबाइलवर येईल.’ आधार, ई-केवायसी, मोबाइल, ओटीपी हे सारे शब्द जागच्या जागी आहेत. त्यांना हात लावण्याची गरज नाही, कारण शेतकरी ते रोज वापरतो. शासनाचे पोर्टल बंद असेल तर ‘शासनाचे पोर्टल सकाळपासून बंद आहे, आमच्या केंद्रातील जोडणी सुरू आहे’ असे लिहावे. निदान आपल्यावरचा राग तरी कमी होईल.

प्रश्न : ‘पोर्टल’ आणि ‘मशीन’ यांचे लिंग कोणते? आणि ‘बँकेत’ म्हणतो तसे ‘सर्व्हरात’ का म्हणत नाही? (पत्रलेखनाची आवड असलेल्या एक गृहिणी, नांदेड)

उत्तर : ‘पोर्टल’ नपुंसकलिंगी रूढ होत आहे, ‘मशीन’ नपुंसकलिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही चालते, आणि आपल्या भागात ‘मशीन बिघडली’ हेच अधिक ऐकू येते. ईकारान्त उच्चाराचे शब्द बहुधा स्त्रीलिंगी होतात, म्हणून ती डीपी, ती सोनोग्राफी. मात्र ‘ओटीपी आला’ हा अपवाद पोराटोरांच्या तोंडीही पक्का झाला आहे. सामान्यरूपाचे म्हणाल तर ते शब्द किती मुरला यावर ठरते. कोर्ट, बँक, पंप हे पिढ्यान्‌पिढ्या वापरातले शब्द म्हणून कोर्टात, बँकेत, पंपावर. सर्व्हर आणि पोर्टल अजून पाहुणे आहेत म्हणून सर्व्हरवर, पोर्टलवर. ‘फाइलमध्ये’ आणि ‘फायलीत’ ही दोन्ही रूपे सध्या शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि आम्हाला दुसरे अधिक आवडते. एकाच पत्रकात मात्र पहिल्या पानावर ‘मशीन बसवले’ आणि तिसऱ्या पानावर ‘मशीन बसवली’ असे होऊ देऊ नये.